पारणे नसलेला उपवास

आपल्या समाजाला उपवास नवा नाही. आषाढी-कार्तिकीच्या एकादशीपासून सोमवार-गुरुवारपर्यंत आणि जैनांच्या पर्युषणापासून मुसलमानांच्या रमजानपर्यंत, ह्या देशातील बहुतेक घरांत वर्षातून काही दिवस तरी जेवणाचा नित्यक्रम बदलतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ अशी त्याची थट्टाही आपणच करतो. परंतु ह्या सर्व व्रतांत एक गोष्ट समान आहे. उपवास केव्हा सोडावयाचा हे तो धरण्यापूर्वीच ठरलेले असते. एकादशीला द्वादशी आहे, रोज्याला सूर्यास्त आहे. १९४३ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी उपवास केला. तो एकवीस दिवसांचा होता व तसे त्यांनी आधीच कळविले होते. व्रत सोडण्याच्या विधीला आपल्या भाषेत पारणे असा शब्द आहे. पारणे झाले की व्रत पुरे होते आणि माणूस पुन्हा पंगतीत येऊन बसतो.

परंतु असाही एक उपवास आहे की ज्याला पारणे नसते. खात्यापित्या घरातली, अभ्यासात हुशार, स्वभावाने आज्ञाधारक अशी एखादी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी हळूहळू जेवण कमी करू लागते. आज भूक नाही, उद्या मैत्रिणीकडे खाऊन आले, परवा पोट बिघडले आहे. घरच्यांना प्रथम त्यात काही वावगे वाटत नाही. उलट मुलगी संयमी आहे असे कौतुकच होते. पुढे ती वाळत जाते, तिला सतत थंडी वाजू लागते, मासिक पाळी थांबते. आणि तरीही ती स्वस्थ बसत नाही, सारखी कामात किंवा व्यायामात असते. आई विनवते, वडील रागावतात, आजी दृष्ट काढते. मुलगी एवढेच म्हणते, मला काहीही झालेले नाही. ह्या स्थितीला वैद्यकशास्त्रात ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. ॲनोरेक्सिया ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ भूक नसणे असा आहे, आणि तो ह्या रोगाला मुळीच लागू पडत नाही. भूक असते, बहुधा तीव्र असते. ती दडपून टाकण्यातच रोग्याची सारी शक्ती खर्च होत असते.

ह्या विकाराचा इतिहास आज सांगावयाचा आहे. तो वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. तीन-चार शतकांत रोगाची लक्षणे थोडीच बदलली. बदलत गेली ती रोग्याभोवती उभ्या असलेल्या माणसांची दृष्टी. कोणी त्या मुलीला तपस्विनी मानले, कोणी ढोंगी मानले, कोणी हट्टी म्हटले, तर कोणी तिच्या आईबापांना अपराधी ठरविले. आणि ती जगली की मेली, हे पुष्कळ अंशी ह्या दृष्टीवर अवलंबून राहिले.

आरंभ इटलीपासून करावा लागतो. सिएना नगरीतील संत कॅथरिन ही १३४७ मध्ये जन्मली आणि १३८० मध्ये, अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, निवर्तली. लहानपणापासूनच तिने आहार कमी करीत नेला होता, आणि पुढे तर तिला अन्न पोटात ठेवणेच अशक्य झाले. भक्तांना ह्यात ईश्वरी कृपा दिसली. निंदकांना ढोंग दिसले. तिने स्वतः मात्र ह्या गोष्टीचा गौरव केलेला नाही. इतरांप्रमाणे आपणांसही जेवता यावे, अशी आपण देवाची प्रार्थना करीत आहो, असे तिने एका पत्रात कळविले आहे. रूडॉल्फ बेल ह्या इतिहासकाराने १९८५ साली अशा मध्ययुगीन साध्वींच्या चरित्रांचा अभ्यास करून त्यांच्या वर्तनात व आजच्या ह्या विकारात साम्य दाखविले. कॅरोलाइन वॉकर बायनम ह्या विदुषीने दोनच वर्षांनी सावधगिरीचा इशारा दिला: त्या काळच्या स्त्रीच्या हाती अन्न हेच एक साधन होते, ते वाढणे आणि ते वर्ज्य करणे ह्यांना तेव्हा वेगळा धार्मिक अर्थ होता, म्हणून आजच्या रोगाचे नाव सहाशे वर्षांमागच्या संतांना चिकटवू नये. हा इशारा योग्यच आहे. तथापि ज्या उपवासाचे पारणे करण्याची इच्छा असूनही ते करता येत नाही, तो उपवास व्रताच्या सीमेपलीकडे गेलेला असतो, एवढे कॅथरिनच्या पत्रावरून म्हणता येईल.

वैद्याच्या नजरेने ह्या रोगाचे पहिले नीट वर्णन केले ते लंडनच्या रिचर्ड मॉर्टन ह्याने. मॉर्टन हा प्रथम धर्मोपदेशक होता. राजसत्तेच्या धर्मविषयक कायद्यापुढे मान न तुकविल्याने ते काम सुटले आणि तो वैद्य झाला. क्षयरोगावरील त्याचा लॅटिन ग्रंथ १६८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्षयासारख्याच, पण क्षय नसलेल्या एका झिजेचे वर्णन आहे. ड्यूक नावाच्या गृहस्थाची अठराव्या वर्षात असलेली कन्या १६८४ च्या जुलैपासून आजारी पडली. तिची पाळी थांबली, भूक गेली, अन्न पचेना. तरीही ती रात्र-रात्र पुस्तकांवर वाकलेली असे. ताप नाही, खोकला नाही, श्वासाला त्रास नाही, आणि देह मात्र केवळ कातडे पांघरलेल्या सांगाड्यासारखा. असे दृश्य आपण आजवर पाहिले नव्हते, अशी कबुली मॉर्टनने दिली आहे. औषधांनी थोडा गुण आला. पण मुलगी लवकरच औषधांना कंटाळली, सारे निसर्गावर सोपवा म्हणाली, आणि तीन महिन्यांत मूर्च्छा येऊन मरण पावली.

मॉर्टनचा दुसरा रोगी मुलगा होता, ही गोष्ट पुढे अनेक वैद्य विसरले. एका धर्मोपदेशकाचा हा सोळा वर्षांचा मुलगा असाच झिजत चालला होता. मॉर्टनने त्याला अभ्यास सोडून खेड्यातील मोकळ्या हवेत जाण्याचा, घोड्यावर बसण्याचा व दूध भरपूर घेण्याचा सल्ला दिला, आणि तो बऱ्याच अंशी सुधारला. चिंता व मनस्ताप हे ह्या झिजेचे मूळ होय, असे मॉर्टनचे निदान होते. ते अर्धेच खरे होते, परंतु त्याने ह्या दोघांना ना संत ठरविले, ना लबाड. त्याने त्यांना आजारी मानले. हे सोपे वाटते. पण पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षे हा विचार जवळजवळ हरवलेलाच राहिला.

त्याची किंमत किती भयंकर होती, ते वेल्समधील एका प्रकरणावरून कळते. कारमार्थनशर परगण्यातील एका शेतकऱ्याची मुलगी सारा जेकब ही १८५७ मध्ये जन्मली. दहाव्या वर्षाच्या सुमारास तिला आकडीचा आजार झाला, आणि त्यानंतर तिचे खाणे कमी होत गेले. १८६७ च्या ऑक्टोबरपासून तिने अन्नाचा कणही घेतलेला नाही, असे आईबाप सांगू लागले. गावच्या धर्मगुरूला प्रथम शंका होती. पुढे त्याचाही विश्वास बसला व त्याने वर्तमानपत्रास पत्र लिहून ह्या आश्चर्याची चौकशी व्हावी अशी मागणी केली. मग लोकांची रीघ लागली. आगगाडीने माणसे येत, शेतातून वाट तुडवीत त्या घरी पोचत. फिती व फुले लावून सजविलेल्या बिछान्यात पडलेली ती मुलगी पाहत, तिने पुस्तकातील उतारा वाचून दाखविला म्हणजे धन्य होत आणि जाताना काही नाणी ठेवून जात.

डॉक्टरांना ह्यात लबाडी दिसली, आणि ती उघडकीस आणावी असे त्यांच्या मनाने घेतले. १८६९ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयातून चार परिचारिका पहाऱ्यासाठी बोलाविण्यात आल्या. मुलीने स्वतः मागितले तरच अन्न द्यावयाचे, एरवी देऊ करावयाचे नाही, असे ठरले होते. ९ डिसेंबरला पहारा सुरू झाला. आजवर कोणीतरी गुपचूप देत असलेले चार घास आता बंद झाले. मुलगी दिवसेंदिवस खचू लागली. पहारा थांबवावा की काय, अशी विचारणा वडिलांकडे झाली. त्यांनी नकार दिला, कारण थांबविणे म्हणजे खोटेपणा कबूल करणे. १७ डिसेंबरला, बारा वर्षांची सारा सर्वांच्या डोळ्यांदेखत मरण पावली. दुसऱ्या वर्षी न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल तिच्या बापाला बारा महिने सक्तमजुरी व आईला सहा महिने कैद दिली. पहाऱ्याची योजना आखणारे डॉक्टर मात्र शिक्षेवाचून सुटले.

साराला नेमका कोणता विकार होता, हे आज निश्चित सांगणे शक्य नाही. परंतु तिच्या बिछान्याभोवतीचा देखावा विसरता येत नाही. श्रद्धाळू पाहत होते, संशयी पाहत होते, परिचारिका पाहत होत्या. तिला भरवावे, असे मात्र कोणाच्याच कामात बसत नव्हते.

साराच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी ह्या विकाराला आजचे नाव मिळाले, आणि ते देणारा डॉक्टर त्याच गाय्ज रुग्णालयाचा होता, हा इतिहासातील एक चमत्कारिक योग म्हणावा लागेल. सर विल्यम गल हा नावेवर माल वाहणाऱ्या एका साध्या माणसाचा मुलगा. तो आपल्या बुद्धीच्या बळावर वर चढत गेला. १८७१ मध्ये त्याने इंग्लंडच्या युवराजाला विषमज्वरातून वाचविले. १८६८ मध्ये ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात त्याने ह्या विकाराचा ओझरता उल्लेख केला होता, आणि २४ ऑक्टोबर १८७३ रोजी लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे त्याने त्यावर सविस्तर निबंध वाचला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसच्या शार्ल लासेग ह्याने आठ रोग्यांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला होता. दोघांचा जन्म १८१६ चा. दोघांनी परस्परांच्या नकळत तेच पाहिले. गलने लासेगच्या कामाचा मोकळेपणाने उल्लेखही केला.

गलने आपल्या रुग्णांची आजारातील व बरे झाल्यानंतरची अशी चित्रे शेजारी-शेजारी छापली. पहिल्या चित्रात सतरा वर्षांची मुलगी म्हाताऱ्या बाईसारखी दिसते. दोन वर्षांनंतरच्या चित्रात ती पुन्हा तरुण दिसते. एवढ्या क्षीण शरीराने ही मुलगी इतकी हिंडते-फिरते कशी, ह्याचे त्याला नवल वाटले. औषधांचा फारसा उपयोग होत नाही, हे त्याने मान्य केले. ऊब, विश्रांती आणि ठराविक वेळांनी अन्न, हाच त्याचा उपचार होता. रोगी काय म्हणतो ह्यावर अन्न देणे सोडून देऊ नये, असे त्याने स्पष्ट बजावले. कारण प्रारंभी त्यानेही रुग्णांच्या कलाने घेऊन पाहिले होते व ते चुकीचे ठरले होते.

लासेगची दृष्टी मुलीइतकीच तिच्या घरावर होती. घरच्या मंडळींजवळ दोनच शस्त्रे असतात, विनवणी आणि धाक; दोन्ही वापरून बोथट होतात, असे त्याचे निरीक्षण आहे. आवडीचे पदार्थ करून पाहिले जातात, माझ्या प्रेमाखातर एक घास घे म्हणून गळ घातली जाते. एखादा घास उपकार केल्यासारखा घेतला जातो आणि पुन्हा तोंड बंद होते. शेवटी साऱ्या घराला जेवण ह्यावाचून दुसरा विषयच उरत नाही. आपल्यापैकी ज्यांनी हा आजार घरात पाहिला असेल, त्यांना दीडशे वर्षांपूर्वीचे हे पॅरिसमधील घर परके वाटणार नाही.

येथवर सारे ठीक झाले. परंतु गलने आपल्या निबंधात एक वाक्य असेही घातले की अशा रोग्यांच्या शुश्रूषेला आप्तेष्ट हे बहुधा सर्वांत निरुपयोगी ठरतात. त्याच्या अनुभवात त्याला आधार असेल. पण पुढील पिढ्यांनी ह्या वाक्याचा सिद्धान्त केला. पॅरिसचा प्रख्यात मज्जातंतुविशारद शार्को हा तर आईबापांना शहर सोडून जावयास लावी. आपण ह्यांच्यामुळे बरे झालो नाही आणि ह्यांच्याशिवाय बरे व्हावयाचे आहे, असे मुलीला वाटले पाहिजे, अशी त्याची धारणा होती. काही मुली त्याने बऱ्या झाल्याही. पण बरी होऊन मुलगी त्याच घरी, त्याच जेवणाच्या मेजाशी परत येई, आणि त्या मेजावर पुढे काय करावयाचे हे आईबापांना कोणीच शिकविलेले नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभी आणखी एक आडवाट लागली. १९१४ मध्ये हॅम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्सने पीयूषिका ग्रंथी नष्ट झाल्याने होणाऱ्या एका झिजेचे वर्णन केले, आणि मग जवळजवळ दोन दशके कृश झालेल्या मुलींना ग्रंथींचे अर्क देण्याची लाट आली. लिव्हरपूलच्या शीहानने पुढे दाखविले की पीयूषिकेचा तो रोग निराळा असून ह्या मुलींचा त्याच्याशी संबंध नाही. तेव्हा कोठे विचार पुन्हा मनाकडे वळला.

त्यानंतरचा महत्त्वाचा धडा मिळाला तो एका अगदी वेगळ्या ठिकाणी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील उपाशी जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे, हा प्रश्न होता. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज ह्यांनी १९४४-४५ मध्ये छत्तीस निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून शस्त्र हाती धरण्यास नकार दिलेले हे तरुण लोकांच्या उपयोगी पडावे म्हणून स्वेच्छेने आले होते. चोवीस आठवडे त्यांचा आहार सुमारे निम्म्यावर आणण्यात आला व त्यांचे वजन सरासरी एकचतुर्थांश उतरले. शरीराचे जे व्हावयाचे ते झालेच. आश्चर्य होते ते मनाचे. हे हसतमुख, विचारी तरुण चिडखोर व उदास झाले, एकलकोंडे झाले. रात्रंदिवस त्यांना अन्नावाचून दुसरा विचार सुचेना. पूर्वी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेले लोक पाककृतींची पुस्तके जमवू लागले. एकेका जेवणाला ते दोन-दोन तास लावीत, पदार्थांची विचित्र मिश्रणे करीत, ताट चाटून पुसून घेत. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांना महिनोन् महिने खाण्यावर ताबा ठेवता येईना. १९५० मध्ये हा सारा वृत्तान्त दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध झाला.

ह्याचा अर्थ काय? आजारी मुलीचा चिडखोरपणा, तिचे तासन् तास ताटाशी चिवडत बसणे, स्वतः न खाता इतरांना आग्रहाने करून वाढणे, माणसांतून उठून जाणे, ह्यांना घरचे लोक तिचा स्वभाव किंवा हट्ट समजत आले होते. त्यांतील पुष्कळसे उपासमारीचे फळ असते. उपासमार मनाला जखडते आणि जखडलेले मन उपासमार पुढे चालवते. हे चक्र एकदा फिरू लागले की ‘तिला समजले म्हणजे ती आपण होऊन जेवेल’ ह्या आशेला फारसा अर्थ उरत नाही. उपाशी मेंदूला समजुतीच्या गोष्टी कळण्यासाठीही आधी अन्न लागते. गलचा अनुभव असा सप्रमाण सिद्ध झाला.

ह्याच सुमारास नाझी जर्मनीतून परागंदा होऊन अमेरिकेत स्थायिक झालेल्या डॉक्टर हिल्डे ब्रूख ह्यांनी ह्या मुलींचे बोलणे वर्षानुवर्षे ऐकून घेतले. आपला देह कसा दिसतो ह्याची ह्या मुलींची जाणीवच बिघडलेली असते. भूक, थकवा ह्या शरीराच्या हाका त्यांना नीट ओळखता येत नाहीत. आणि आपल्या आयुष्यात आपल्या हाती काहीच नाही अशी खोल भावना त्यांच्या मनात असते, असे ब्रूख ह्यांनी १९६२ मध्ये मांडले. सर्वांच्या अपेक्षा पुऱ्या करीत आलेल्या मुलीला अन्न हे एकच क्षेत्र स्वतःच्या मालकीचे वाटते. १९७८ मध्ये त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाने सामान्य वाचकांना ह्या रोगाची ओळख करून दिली. त्यापुढच्या वर्षी लंडनच्या जेरल्ड रसेल ह्यांनी ह्याच कुळातील दुसऱ्या विकाराचे वर्णन केले. अनावर होऊन खूप खाणे आणि मग अपराधी वाटून ते शरीराबाहेर टाकण्याची धडपड करणे, हे त्याचे स्वरूप. त्याला त्यांनी बुलिमिया नर्व्होसा हे नाव दिले. बुलिमिया म्हणजे बैलाएवढी भूक. ह्या विकारात वजन पुष्कळदा नेहमीइतकेच राहते, म्हणून तो घरातल्या घरात वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. १९८३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेची लोकप्रिय गायिका कॅरन कार्पेंटर ही बत्तिसाव्या वर्षी ॲनोरेक्सियाच्या परिणामांनी मरण पावली, तेव्हा जगाला कळले की हा श्रीमंतांचा छंद नव्हे. हा मारणारा रोग आहे.

मात्र ह्या काळात अपराधाचे बोट पुन्हा कोणाकडे तरी वळावयाचे होते, ते आईकडे वळले. आई फार धाक घालणारी, आई फार गुंतलेली, घर फार आवळलेले, अशी कारणे पुस्तकांतून दिली जाऊ लागली. फिलाडेल्फियाच्या साल्व्हादोर मिनुचिन ह्यांनी कुटुंबाच्या घडणीतच रोगाचे मूळ शोधले. पण त्यांनी एक धाडस केले: साऱ्या कुटुंबाला दवाखान्यात बोलावून मुलीसह जेवावयास बसविले. ज्यांना शार्कोने गावाबाहेर घालविले होते, ते आईबाप पुन्हा ताटाशी आले.

ह्या धाग्याला शास्त्राचा आधार मिळाला तो १९८७ मध्ये. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात रसेल, त्यांचे सहकारी डेअर, आयस्लर व झ्मुकलर ह्यांनी ऐंशी रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयात वजन सावरल्यानंतर काही रोग्यांवर एकेकट्याने मानसोपचार झाले, काहींवर कुटुंबासह. ज्यांचा आजार एकोणीस वर्षांच्या आत सुरू झाला होता व ज्यांना आजारी पडून तीन वर्षे झालेली नव्हती, त्यांना कुटुंबासह केलेल्या उपचाराचा गुण स्पष्टपणे अधिक आला. ह्या पद्धतीत आईबापांना दोषी धरीत नाहीत. रोग वेगळा व मुलगी वेगळी, असे त्यांना शिकविले जाते. आणि विषमज्वर झालेल्या मुलाची आपण जशी काळजी घेऊ तशी, काही महिने मुलीच्या प्रत्येक जेवणाची जबाबदारी त्यांनीच घ्यावी असे सांगितले जाते. प्रकृती सावरली की ही जबाबदारी हळूहळू तिची तिला परत करावयाची असते. २०१० मध्ये आहारविकारांच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने कुटुंब हे ह्या रोगाचे कारण आहे ह्या समजुतीचा जाहीर निषेध केला. २०१९ मध्ये सुमारे सतरा हजार रोग्यांच्या आनुवंशिक तपासणीवरून असेही दिसले की रोगाच्या प्रवृत्तीचा काही भाग जन्मजात असून तो शरीराच्या चयापचयाशीही निगडित असावा. १८७३ पासून तोपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षे गेली होती.

हे सारे पाश्चात्त्य देशांचे झाले, आपला ह्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टर खंडेलवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिले आहे. त्यांनी पाच भारतीय तरुणींचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या जेवत नव्हत्या, उलट्या करीत होत्या, वाळल्या होत्या, पाळी थांबली होती. परंतु आपण लठ्ठ आहोत अशी पाश्चात्त्य पुस्तकांत सांगितलेली कल्पना त्यांच्या ठायी आढळली नाही, आणि त्यामुळे निदान कठीण गेले. हाँगकाँगच्या डॉक्टर सिंग ली ह्यांनाही १९९३ मध्ये त्यांच्या निम्म्याहून अधिक रोग्यांत लठ्ठपणाची भीती दिसली नव्हती. पोट भरल्यासारखे वाटते, भूक नाही, असेच ते म्हणत. म्हणजे रोग प्रत्येक समाजाची भाषा बोलतो. आपल्या घरी तो पित्ताचे, अपचनाचे, कदाचित व्रताचेही नाव घेऊन येईल. आणि काळ बदलतो तशी ही भाषाही बदलते. फिजी बेटांत अंगाने भरलेली स्त्री ही सुखवस्तूपणाची खूण मानली जाई. तेथील एका प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोचली. तीन वर्षांनी ॲन बेकर ह्यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन कमी करण्यासाठी उलटी करणाऱ्या मुलींचे प्रमाण शून्यावरून अकरा टक्क्यांवर गेल्याचे त्यांना आढळले. आज चित्रे दाखविणारा पडदा प्रत्येक मुलीच्या हातात आहे, ह्याची आठवण करून देण्याची आवश्यकता नाही.

मग असा रोगी घरात असेल तर आपण काय करावे? इतिहासाने दिलेली उत्तरे थोडी आहेत, पण ती महाग पडलेली आहेत. पहिले हे, की वाट पाहू नये. सारा जेकबचा पहारा आपल्या घरात चालू देऊ नये. मुलगी, किंवा मुलगा, कारण मॉर्टनचा दुसरा रोगी विसरता कामा नये, सतत वाळत असेल, पानावरून लवकर उठत असेल, जेवल्यावर नेमाने न्हाणीघरात जाऊन दार लावून घेत असेल, चक्कर येत असेल, पाळी थांबली असेल, तर प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. नाडी, रक्तदाब व रक्तातील क्षार ह्यांची तपासणी ही ह्या आजारात मनाच्या तपासणीइतकीच महत्त्वाची आहे. दुसरे हे, की दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर वाढू नये. रक्तातील फॉस्फेटादि क्षार एकाएकी उतरून हृदय बंद पडण्याचा धोका असतो. म्हणून फार क्षीण रोग्याचे पहिले पारणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. नंतर मानसोपचारतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ ह्यांचे साहाय्य घ्यावे. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू असून १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पुढचे पाऊल कोणते टाकावे हे तेथे विचारता येईल.

तिसरी गोष्ट जिभेची आहे. ‘किती जाड झालीस’ हे आपण सहज बोलतो. ‘किती वाळलीस’ हेही तितक्याच सहज बोलतो. पहिल्या वाक्याने कित्येकदा रोगाला वाट मिळते, आणि दुसरे वाक्य ह्या रोगाने ग्रासलेल्या कानाला शाबासकीसारखे ऐकू येते. अंगकाठीविषयी काही न बोलता, तू थकलेली दिसतेस, तुला एकटे वाटते का, असे विचारावे. लासेगने सांगितलेली ती दोन बोथट शस्त्रे, विनवणी व धाक, खाली ठेवावीत. आई एक म्हणते आणि वडील दुसरे, असे होऊ देऊ नये. ठरलेल्या वेळी, ठरलेले अन्न, शांतपणे तिच्यासमोर ठेवावे, तिच्याबरोबर बसावे, जेवण होईपर्यंत दुसरे काही बोलत राहावे, आणि जेवणानंतरचा कठीण तासही तिला एकटे सोडू नये. ती रागावेल, तेव्हा बोलतो आहे तो रोग, मुलगी नव्हे, हे मनाशी घट्ट धरावे. आईने स्वतःला अपराधी मानून रडत बसू नये, कारण अपराध तिचा नाही, आणि काम तर तिच्याकडे पुष्कळ आहे.

ही वाट लांबची आहे. स्टाइनहाउझेन ह्यांनी २००२ मध्ये ११९ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यावरून ॲनोरेक्सियातून वाचलेल्या रोग्यांपैकी जवळजवळ निम्मे पूर्ण बरे होतात, एकतृतीयांश सुधारतात आणि सुमारे एकपंचमांशांचा आजार दीर्घकाळ रेंगाळतो, असे दिसते. मृत्यूचे प्रमाणही मनोविकारांत ह्या रोगात फार मोठे आहे. म्हणूनच लवकर ओळखणे व धीर न सोडणे ह्यांना इतके मोल आहे. गलच्या चित्रातली मुलगी बरी होण्यास दोन वर्षे लागली होती.

पारणे एकट्याने करावयाचे नसते, अशी आपली जुनी समजूत आहे. द्वादशीला दुसऱ्या कोणाला तरी पानावर बोलावून मगच व्रत सोडावे, असा शिष्टाचार अनेक घरांत पाळला जाई. ज्या उपवासाला पारणे नाही त्याच्या बाबतीत हे काम उलट्या बाजूने करावे लागते. व्रत धरणारीला ते सोडता येत नाही. तेव्हा घरच्यांनीच पान मांडावयाचे, तिला हाताला धरून बसवावयाचे, आणि ती जेवेपर्यंत आपण पानावरून उठावयाचे नाही.